तळाचं तेल

'खवट' हा शब्द डॉक्टरांनी अगदी सहज वापरला, आणि डोमाजी खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले. तोवर ते बरे बसले होते. हृदयाच्या नळीत जाळी बसवून महिना होत आला होता, मनगटावरचा निळा डाग पिवळा पडत चालला होता, आणि वर्ध्याच्या मोठ्या इस्पितळात दाखवायला जायचं म्हणून बायकोनं, मंदाबाईनं, काढून दिलेला इस्त्रीचा सदरा अंगावर होता. मुलगा नीलेश गाडी सावलीत लावायला गेला होता. डोमाजींनी डॉक्टरांना एकच साधा प्रश्न विचारला होता, की बाप्पा, तुंबलेली नळी तुम्ही मोकळी केली, मग आता ह्या ओंजळभर गोळ्या कशाला? डॉक्टर रत्नदीप थूल तरुण होते, समजावून सांगायची हौस अजून न फिटलेल्या वयाचे. ते म्हणाले, काका, ही नळी मोरीसारखी तुंबत नाही. तिची भिंत आतून सुजते. रक्तात चरबी फिरत असते, ती सगळ्यांच्याच असते. पण ती भिंतीत शिरून तिथं बिघडली की शरीराला ती परकी वाटू लागते. मग रक्तातले शिपाई तिला खायला धावतात, खाऊन खाऊन फुगतात, तिथंच मरतात, आणि त्या जागी सूज धरते. जाळीनं वाट मोकळी झाली, सूज गेली नाही. गोळ्या त्या सुजेसाठी. डोमाजींनी विचारलं, बिघडते म्हणजे काय होते? डॉक्टर क्षणभर मराठी शब्द शोधत राहिले. मग म्हणाले, 'हवा लागून तेल बिघडतं ना काका, तसं. खवट होतं.'

हिंगणघाटच्या बाजारात डोमाजींसमोर हा शब्द इतक्या हलक्या हातानं कोणी टाकत नाही. तिथं तो शब्द उच्चारायचा मान त्यांचा. बाजाराच्या गल्लीत त्यांचं तेलाचं दुकान, दुकानामागं घाणी, आणि वर घर. वडील सदाशिवराव बैलाची घाणी चालवायचे. डोमाजींनी बैल सोडून मोटार बसवली, पण लाकडाचं उखळ तेच ठेवलं, कारण लोखंडात तेल तापतं आणि तापलेलं तेल लवकर उतरतं, खवटपणाकडं झुकतं, हे त्यांचं ठाम मत. मधली बरीच वर्षं लोकांनी ह्या लाकडाला मागासलेपणा म्हटलं आणि पाकिटातल्या तेलाच्या मागं लागले. आता तेच लोक नागपूरहून मोटारी घेऊन येतात आणि लाकडी घाणीचं तेल द्या म्हणून पायऱ्यांवर उभे राहतात. डोमाजी त्यांना तेल देतात आणि मिशीतल्या मिशीत हसतात. पण त्यांची खरी मिरास लाकूड नव्हे, नाक. पिप्याचं झाकण किलकिलं झालं की पुरे. एकदा एका व्यापाऱ्यानं करडईचं तेल कालच काढलेलं म्हणून आणलं, आणि डोमाजींनी गल्ल्यावरूनच त्याला सांगितलं, झाकण लाव बाबा, शेजाऱ्यांना त्रास होईल. तेव्हापासून बाजारात म्हणतात की डोमाजीच्या नाकाचा विमा उतरवला पाहिजे. जवस तर सगळ्या तेलांत नाजूक, आज काढला आणि झाकण उघडं राहिलं तर थोड्याच दिवसांत तोंड वाकडं करतो. त्याची पहिली कुरकुर, जी दुसऱ्या कोणाला आठवडाभरानंही कळली नसती, ती डोमाजींना झोपेतसुद्धा कळायची. आणि आज एक कालचा पोरगा पांढऱ्या कोटात बसून सांगत होता की असं तेल त्यांच्याच छातीत होतं, त्यांच्या नाकाखाली एका विताच्या अंतरावर, आणि त्यांना पत्ता नव्हता.

त्यांना राग आला. उघड सांगायचं तर पहिल्यांदा रागच आला, भीती नंतर. रोग म्हणाला असता तर चाललं असतं. रोग कोणालाही होतो, त्यात माणसाचं नाव जात नाही. पण खवट म्हणजे कुचराई, झाकण नीट न लावणं, लक्ष नसणं. त्यांनी डॉक्टरांकडं पाहिलं, हा काही मुद्दाम टोचून बोलतो आहे का म्हणून. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. उलट कागदावरचा पत्ता वाचून ते खुलले होते. त्यांनी विचारलं, तुम्ही ते बाजारातले तेलवाले डोमाजी तर नाही? मी गिरडचा. आमची आई, सुलोचनाबाई, हिंगणघाटला बाजाराला आली की तुमच्याकडून जवसाचं तेल न्यायची. डोमाजींना सुलोचनाबाई आठवल्या. उंच, सावळ्या, मोजकं बोलणाऱ्या, बरणी आतून उन्हात वाळवून आणणाऱ्या. बरणी कोरडी असणारं गिऱ्हाईक डोमाजी कधी विसरत नाहीत. 'तुमच्या तेलावर वाढलो काका मी,' डॉक्टर म्हणाले, आणि ते इतकं मनापासून म्हणाले की डोमाजींचा राग जागच्या जागी विरला. छाती, ती खवट छाती, फुगून आली. गिरडच्या मजुराच्या घरातलं पोरगं आपल्या तेलावर वाढून हृदयाचं डॉक्टर झालं. सदाशिवराव असते तर आज गल्लीत पेढे वाटले असते, असं त्यांना वाटलं.

त्या अभिमानाच्या भरातच पुढचा प्रश्न आला. घरी कोणतं तेल खाता, काका? डोमाजी म्हणाले, घरचंच, घाणीचं. डॉक्टर म्हणाले, मग प्रश्नच नाही. आणि ते लिहायला वळले. बोललेल्यात खोटं एक अक्षर नव्हतं. घरचंच होतं, घाणीचंच होतं. तरी डोमाजींच्या जिभेच्या मुळाशी काहीतरी कडवट, ओळखीचं येऊन बसलं. दुसऱ्याच कोणाबद्दल विचारावं तसं त्यांनी विचारलं, की समजा एखाद्यानं जन्मभर उतरलेलं तेल खाल्लं, तर? डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते म्हणाले की एकट्या तेलावर ढकलता यायचं नाही, तुमची साखर आहे, इतकी वर्षं तंबाखू होती, वय आहे. पण सूज असलेल्या माणसानं तसं तेल रोज खाणं, तेही तापवून तापवून, म्हणजे जळत्यात भर. मग त्यांनी डोमाजींकडं जरा वेळ पाहिलं. 'घरात आणखी कोण जेवतं तुमच्याबरोबर?' त्यांनी विचारलं. 'काकू? त्यांनाही आणा एकदा. एका चुलीवरचं जेवणाऱ्यांनी एकदा तपासून घ्यावं.' तेवढ्यात नीलेश आत आला, आणि डोमाजी उठले.

गाडी वर्धा सोडून हिंगणघाटच्या रस्त्याला लागली तशी दोन्ही बाजूंना कापूस काढून मोकळी झालेली वावरं दिसू लागली. पऱ्हाटीचे ढीग पडले होते, त्यांच्यावर ऊन तापत होतं. नीलेश फोनवर कोणाशी नव्या जवसाचा भाव बोलत होता. डोमाजी काचेकडं तोंड करून बसले होते, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर वावरं नव्हती, घरचं मागचं दार होतं. दुकानाला पुढं पायऱ्या, मागं दार. सदाशिवरावांचा नियम होता की उतरलेलं तेल पुढच्या पायऱ्या उतरणार नाही. मग भले गिऱ्हाईकाला ते ओळखू न येवो, भले गिऱ्हाईक ते दिव्याला म्हणून मागो. देवालाही ते द्यायचं नाही, देवाचं नाक काय कमी तिखट असतं? आणि ओतूनही द्यायचं नाही, तेल मोरीत ओतणं म्हणजे लक्ष्मीला धक्का देणं. मग ते जायचं कुठं? ते मागच्या दारानं घरात जायचं. प्रत्येक पिप्याच्या तळाशी गाळासकट जे राहतं, हवा खाऊन जड झालेलं, ते तळाचं तेल घराचं. कोणी असं ठरवलं नव्हतं, पंगतीत वाढणारा शेवटी बसतो इतकं ते सरळ होतं. डोमाजी लहानपणापासून तेच खात आले होते. शाळेत दुसऱ्या पोरांच्या डब्यातली भाजी निराळी लागायची, तेव्हा त्यांना वाटायचं की ह्यांच्या आयांना फोडणी जमत नाही. पुढं नाक तयार झालं, दुकानात ते नाक उभ्या बाजाराचा माल पारखू लागलं, आणि जेवायला बसताना तेच नाक चपलांसारखं दाराशी काढून ठेवायची सवय लागली. त्यात लाज नव्हती. त्यात तर अभिमान होता. गिऱ्हाईकाला पहिल्या धारेचं आणि आपल्याला तळाचं, ह्यालाच तर दुकानदारी म्हणतात.

आणि ह्या अभिमानात मंदाबाई त्यांच्याहून एक पाऊल पुढं. ती वडनेरची, शेतकऱ्याच्या घरची, ताज्या तेलावर वाढलेली. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं मागच्या दारानं आलेला पिपा उघडला तेव्हा पदर नाकाला लावला होता, डोमाजींना ते अजून दिसतं. पण सासऱ्याचा नियम ऐकल्यावर तिनं पदर खाली घेतला तो पुन्हा नाकाशी नेला नाही. तिनं त्या तेलाची नस शोधून काढली. कढईत ते धूर निघेपर्यंत तापवायचं, त्यात विड्याचं पान आणि चिंचेचं बुटूक टाकायचं, पान काळं झालं की काढायचं, मग मेथीचे दाणे. वास जायचा. पाहुणे बोटं चाटून जेवायचे आणि विचारायचे की बाई, तुझ्या हातच्या भाजीला ही चव कशानं येते. ती नुसती हसायची, आणि रात्री डोमाजींना सांगायची, कोणाले समजलं नाई. तिच्या आयुष्यातली ती मोठी मजा होती. एकदाच कोणाला समजलं. नागपूरहून आलेली सून, आचल, पहिल्याच आठवड्यात ताटावर बसून म्हणाली, आई, ह्या तेलाला वास येतो. घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही. पुढं आचलनं वरच्या खोलीत आपली शेगडी मांडली, आणि सासूसाठी म्हणून पाकिटातलं तेल पाठवलं, ते मंदाबाई आजतागायत शिलाई मशिनीला घालते. म्हणजे तळाचं तेल खाणारी दोनच माणसं उरली. आणि त्यातलंही, आधी डोमाजींना वाढायचं, मग कढईच्या बुडाशी जे उरेल, दुसऱ्यांदा तिसऱ्यांदा तापलेलं, ते तिचं. तळाचा तळ.

इथं येऊन डोमाजींचं मन थबकलं. गाडी चालतच होती. त्यांना दुकानाच्या मागच्या दारातून वर घराकडं जाणारा जिना दिसला, आणि त्याच्या वळणावर उभी असलेली मंदाबाई. चहाचा कप खाली आणून द्यायची, वर जाताना वळणावर थांबायची, पदर सारखा करायची. ते रोजचंच होतं. पण पदर सारखा करायला एवढा वेळ लागत नाही. कधीपासून लागतो आहे? एक हात कठड्यावर, दुसरा पदराच्या आडून छातीवर, मान जरा वाकलेली, आणि मग जणू काही झालंच नाही असं वर जाणं. त्यांनी विचारलं होतं एकदा, तेव्हा ती म्हणाली होती गुडघे. त्यांनी ते मानलं, कारण मानणं सोयीचं होतं. जाळी बसायच्या आधी ते स्वतःही गॅस म्हणत होते. आता डोमाजींना भीती वाटली, साधी, उघडी भीती. आपल्या वेळी इतकी वाटली नव्हती. आपण मेलो असतो तर मेलो असतो, दुकान नीलेशनं चालवलं असतं. पण मंदा जिन्याच्या वळणावर पडली तर? गाडीत थंड हवा चालू होती, तरी त्यांनी काच खाली केली. नीलेशनं विचारलं, बाबा, काही होऊन राह्यलं का? ते म्हणाले, नाई, तू चालव.

घरी आल्यावर त्यांनी सांगून पाहिलं. सांगायची कला त्यांच्याकडं नव्हती, डॉक्टरांचं ऐकलेलं ते जसंच्या तसं सांगत गेले, चरबी, शिपाई, सूज, आणि शेवटी तो शब्द. मंदाबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. तिनं ऐकून घेतलं, भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि म्हणाली, 'मी तुमाले खवट खाऊ घातलं, असं म्हनता?' डोमाजी म्हणाले तसं नव्हे.  तू फक्त एकदा माझ्यासंगं वर्ध्याला चल. ती म्हणाली, 'मले काऊन? मले काई झालं नाई.' आणि भाकरी फुगली ती इतकी सुबक फुगली की पुढं बोलायला जागाच उरली नाही. त्या रात्री ताटात भाजी आली ती नुसती उकडलेली, बिनतेलाची, मिठाची. दुसऱ्या दिवशीही तेच. तिनं रुसून केलं की पथ्य म्हणून केलं, हे विचारायची सोय नव्हती. पण स्वतःच्या ताटात ती काय घेते ते डोमाजींनी पाहिलं. कढईच्या बुडाशी आधीचं उरलेलं काळं तेल तिनं भाकरीनं पुसून घेतलं, सावकाश, त्यांच्याकडं पाहत, आणि खाल्लं.

तिचं बरोबरच होतं. हे डोमाजींना जितकं कळत होतं तितकं डॉक्टरांना कळलं नसतं. ती आजारी आहे असं ठरलं, तर तिनं जन्मभर जे केलं ते चुकीचं ठरत होतं. वास मारायची तिची ती विद्या, पाहुण्यांची बोटं चाटणं, रात्रीचं ते कोणाले समजलं नाई, सगळं गुन्हा ठरत होतं. तिला छातीतली कळ परवडत होती, हे परवडत नव्हतं. डोमाजींनाही कुठं परवडत होतं? गल्ल्यावर बसून ते दिवसभर ह्याच गोष्टीला उलटून पालटून पाहत होते. नियम चुकला होता का? गिऱ्हाईकाला खवट द्यायला पाहिजे होतं का? छे. सुलोचनाबाईंच्या बरणीत तळाचं तेल गेलं असतं तर तो पोरगा डॉक्टर झाला नसता असं नाही, पण डोमाजी डोमाजी राहिले नसते. नियमात खोट नव्हती. अभिमानात खोट नव्हती. मग खोट कशात होती? ते एखादा पिपा चारही बाजूंनी हुंगावा तसे ह्या प्रश्नाभोवती फिरत राहिले, आणि नाकाला काही लागत नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ. तिला ओढून नेता येत नव्हतं, नीलेशला सांगितलं तर ती त्याच्याशीही बोलणं सोडेल, आणि आचलनं सांगितलं तर मग बघायलाच नको. अधूनमधून जिन्यावर तिचं पाऊल वाजायचं, मग वळणावर थांबायचं, आणि खाली बसलेले डोमाजी पुढचं पाऊल वाजेपर्यंत श्वास धरून बसायचे. आपल्या छातीत घातलेली जाळी त्या वेळी त्यांना जाणवायची. खरं म्हणजे ती जाणवत नाही, डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं.

नवा जवस त्याच आठवड्यात आला. पहिली घाणी लागली, मोटार गुरगुरली, लाकूड लाकडावर कुरकुरलं, आणि पेंडीची ढेप कडेला साचत गेली तसा दुकानात तो वास पसरला. ओल्या गवताचा, कच्च्या दाण्याचा, जिवंत. हा वास वर्षातून एकदाच असा येतो. वडनेरचे दोन शेतकरी आपला जवस घेऊन आले होते, ते बाकावर बसून चहा पीत होते. डोमाजी नव्या पिप्यावर वाकले, त्यांनी डोळे मिटले आणि वास छातीभर आत घेतला. आणि तिथंच, त्या पिप्यावर वाकलेले असताना, त्यांना खोट सापडली. ती तेलात नव्हती, नियमातही नव्हती. ती दारात होती. सदाशिवरावांनी पुढच्या पायऱ्यांचा नियम केला, तेव्हा घरच्या माणसांना त्या पायऱ्यांवरून कधी यावंच लागत नव्हतं. मंदाबाई लग्न होऊन घरात आली तीही मागल्या अंगणातून, मांडव तिकडंच होता. एवढ्या वर्षांत ती दुकानात चहा घेऊन आली, हिशेबाला हाक मारायला आली, घाणीपाशी दाणे पाखडायला आली, पण प्रत्येक वेळी मागच्या दारानं. पुढच्या पायऱ्या ती एकदाही चढली नव्हती. आणि जी चढली नव्हती तिला ह्या दुकानातून चांगलं तेल मागायचा हक्कच कधी नव्हता.

डोमाजी जिन्याखाली गेले आणि त्यांनी हाक मारली. 'अवं नीलेशची माय. बरणी घे अन् खाली ये. इकून नाई, रस्त्याकून ये.' वरून आवाज आला, काऊन? ते म्हणाले, ये म्हणतो ना. वरून ती म्हणाली की येड लागलं का तुमाले, बाजाराच्या वेळेले मी रस्त्यानं फिरून येऊ, लोक काय म्हनतीन.  डोमाजी परत येऊन गल्ल्यावर बसले आणि वाट पाहू लागले. पुष्कळ वेळ गेला. शेतकऱ्यांचा चहा संपला, त्यांनी कप पालथे घातले आणि काहीतरी चाललं आहे हे ओळखून ते बसून राहिले. डोमाजींना वाटलं, येणार नाही ती. अभिमानी आहे, आपल्यासारखीच. मग गल्लीच्या वळणावर ती दिसली. डोईवर पदर, हातात काचेची बरणी, आणि चालणं असं की बाजारातल्या प्रत्येक दुकानदाराला तिनं मनातल्या मनात उत्तर देऊन ठेवलं असावं. ती पायऱ्यांपाशी आली. पायऱ्या थोड्याच आहेत. मधल्या पायरीवर ती थांबली, आणि इथं जिन्याचा कठडा नव्हता, आड व्हायला वळण नव्हतं. उभ्या बाजाराच्या उजेडात ती श्वास घेत उभी राहिली. डोमाजी उठले नाहीत. उठून हात द्यावा असं त्यांच्या अंगातल्या प्रत्येक नसेला वाटत होतं, पण गिऱ्हाईक पायरी चढत असताना दुकानदार उठला तर ते गिऱ्हाईक राहत नाही, पाहुणा होतो. ती चढून वर आली. तिचा चेहरा घामानं ओला होता. डोमाजींनी स्टुलावरची धूळ खांद्यावरच्या पंच्यानं झटकली आणि ते पुढं सरकवलं. ती बसली.

'बोला बाई,' डोमाजी म्हणाले. 'काय देऊ?'

मंदाबाईनं आधी त्यांच्याकडं रागानं पाहिलं. हा काय पोरखेळ, असं ते पाहणं होतं. पण डोमाजी हसत नव्हते. ते ज्या चेहऱ्यानं इतकी वर्षं गिऱ्हाईकासमोर बसत आले त्याच चेहऱ्यानं बसले होते, हातात माप घेऊन, मान जरा पुढं काढून, समोरचं माणूस काय म्हणतं त्याला जगात दुसरं काही महत्त्वाचं नसल्यासारखं. हा चेहरा तिनं मागून पाहिला होता, समोरून कधी नाही. तिनं नजर काढून नव्या पिप्याकडं नेली. वास तिच्यापर्यंत पोचला असावा, कारण तिची नाकपुडी हलली, आणि वडनेरच्या त्या पोरीचं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर येऊन गेलं. तिनं बरणी मांडीवर धरली होती. ती आतून कोरडी होती, ह्या गडबडीतही तिनं ती पुसून आणली होती. मागायची सवय नसलेलं माणूस मागायला लागलं की त्याला शब्द मिळत नाहीत, तसं तिचं झालं. बाकावरचे दोघं दुसरीकडं पाहू लागले.

'चांगलं द्या,' ती म्हणाली. मग थांबली, आणि पुढचं बोलताना तिचा आवाज उतरला, पण फिरला नाही. 'अन् मले वर्ध्याले घेऊन चाला. पायऱ्या चढले का छातीवर कोनी पाय देल्ल्यावानी होते. दिवाळीपासून होऊन राह्यलं.'

 दिवाळी कधीच मागं पडली होती, होळी येऊन ठेपली होती. त्यांच्या तोंडावर कितीतरी शब्द आले, तू मला आधी का नाही सांगितलंस, मी तुला आधी का नाही विचारलं, आणि ते सगळे त्यांनी गिळले, कारण गिऱ्हाईकाला असं बोलत नाहीत. ते आत वळून नीलेशला एवढंच म्हणाले की गाडी काढ, आत्ता निघायचं आहे. मग त्यांनी माप पिप्यात बुडवलं, काठोकाठ भरून तिच्या बरणीत रिकामं केलं, आणि वर आणखी थोडं घातलं. सोनेरी तेलात ऊन शिरलं. मंदाबाईनं झाकण घट्ट लावलं. डोमाजी गल्ल्यावरून उतरून तिच्या शेजारी येऊन उभे राहिले, आणि वडनेरच्या त्या दोघा शेतकऱ्यांकडं पाहून, छाती पुढं काढून म्हणाले, 'ही माही बायको होय.'

त्या दोघांना ते कितीतरी वर्षांपासून माहीत होतं. तरी ते बाकावरून उठले आणि त्यांनी तिला रामराम केला.